माणूस आत बंद करण्याचं काम

आधी क्षमा मागतो. या अंकात नोकरीच्या आठवणी लिहिणारी माणसं केस पांढरे झालेली असतात. कोणी जन्मभर पोस्टात काढलेलं असतं, कोणी बोटीवर. माझी अजून बी.एस्सी. पुरी व्हायची आहे आणि ज्या कामाबद्दल लिहिणार आहे ते मी कॉलेज सांभाळून जेमतेम अडीच वर्षं केलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नाही. त्यामुळे लिहायला बसलं की वाटतं, आत्ता कोणीतरी मागे येऊन उभं राहील आणि विचारेल, तुला कोणी सांगितलं रे हे?

सांगितलं आमच्या मराठीच्या सरांनी. ते या अंकाचं काम पाहतात. गेल्या वर्षीही त्यांनी विचारलं होतं, तेव्हा मी नाही म्हणालो. ज्या माणसाबद्दल लिहायचं त्याच्या उजव्या हाताचं पुढे काय झालं, हेच मला माहीत नव्हतं. ते कळल्याशिवाय लिहिणं म्हणजे अर्ध्यात सोडलेल्या माणसाची गोष्ट सांगणं झालं असतं. आता कळलं आहे, म्हणून लिहितो. कंपनीचं नाव लिहीत नाही, तसं मी सही करून दिलेलं आहे.

काम असं होतं. आमच्या खाडीकाठच्या दिघीच्या पुढे एका जुन्या गोदामाच्या आवारात पोलीस आणि लष्करासाठी एका चिलखताची चाचणी चालायची. चिलखत म्हणजे नुसता पत्रा नव्हे. पायांना, कमरेला, पाठीला, हातांना बाहेरून सांगाडा, त्यात मोटारी, पाठीवर बॅटरीचा खोका, आणि वरून गोळी अडवणारं कवच. आतल्या माणसाने पाय उचलायला सुरुवात केली की सांगाड्याला ते कळतं आणि पुढचं वजन तो स्वतः उचलतो. शहरातल्या अरुंद गल्ल्या, जिने, जिथे गाडी जात नाही, तिथे हे घालून माणूस जाणार. त्यासाठी आवारात पत्र्याची आणि प्लायवूडची एक खोटी गल्ली उभारली होती. तिच्यात खोटं किराणा दुकानसुद्धा होतं. साहेब लोक चिलखताला इंग्रजी नावाने हाक मारत. गावातून कामाला येणाऱ्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव चिंबोरी, म्हणजे खेकडा, ठेवलं आणि तेच राहिलं.

मी चढवणारा होतो. चिलखत एकट्याने घालता येत नाही. आधी पाय, मग कंबर, पाठ, हात, छाती, आणि शेवटी टोप. प्रत्येक ठिकाणी पट्टे असतात आणि पट्ट्याखाली जाड लोकरी नमद्याच्या गाद्या. पट्टा सैल राहिला तर माणसाआधी सांगाडा हलतो आणि कातडी सोलतो. घट्ट झाला तर हात बधिर होतो. मापाची यंत्रं होती, पण शेवटी पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघावंच लागे. माझे वडील ट्रकवर आहेत. लहानपणापासून मी मालावर ताडपत्री टाकून दोर आवळत आलो आहे, त्यामुळे हाताला सवय होती. बंद करून झालं की विचारायचं, "बोटं हलवा." आतला माणूस लोखंडी पंजा उघडमीट करून दाखवायचा. मग बाजूला व्हायचं.

आमच्यात एक रीत होती. ज्याने बंद केलं त्यानेच उघडायचं. कुठे गादी दुहेरी केली, कुठली पट्टी उलटी फिरवली, कोणाला कुठे जखम आहे, हे बंद करणाऱ्याच्या हाताला ठाऊक असतं. ही रीत कंपनीने घातली नव्हती. ती आमच्यातले सर्वांत जुने चढवणारे नझीमभाई यांनी घातली. नझीमभाई दिघीचेच, आधी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. दुसऱ्याच्या माणसाला हात लावायचा नाही, हे ते अशा आवाजात सांगत की पुण्याहून आलेल्या शर्वरी मॅडम, ज्या तिथल्या मुख्य इंजिनिअर होत्या, त्यासुद्धा आम्ही उघडत असताना दोन पावलं मागे उभ्या राहत. मला या रीतीचा अभिमान होता. कॉलेजात मी कोणी नव्हतो, पण आवारात एका माणसाला फक्त मीच बाहेर काढू शकत होतो.

गमतीही झाल्या. एकदा वरून पाहणीला आलेल्या एका मोठ्या साहेबांना चिलखतात फोटो हवा होता. छातीचं कवच काही केल्या मिटेना. साहेब म्हणाले, "लहान साईज दिलीय का?" नझीमभाई शांतपणे म्हणाले, "साहेब, मोठीच हाय. श्वास सोडा, फोटोपुरता." साहेबांनी श्वास सोडला, मी कवच मिटलं, फोटो झाला, आणि पुढचा श्वास घ्यायच्या आत मी उघडलंसुद्धा. इतक्या घाईने मी पुन्हा कधी कोणाला उघडलं नाही. एकदा सोडून.

गर्दीच्या चाचणीला आमच्याच पंचक्रोशीतली माणसं रोजंदारीवर आणत. त्यांनी खोट्या गल्लीत घोषणा द्यायच्या, रबराचे दगड मारायचे आणि चिलखतातल्या पोलिसाने कोणाला इजा न करता पुढे सरकायचं. माझी पारू आत्या त्यात होती. आमच्याकडची जमीन प्रकल्पात जायची होती तेव्हा ती खरोखर रस्त्यावर बसलेली बाई. तिने पहिलाच दगड असा नेमका टोपावर मारला की सगळे हसले. दुपारी जेवताना मला म्हणाली, "मंग्या, आतल्याला बायरचा आयकू येतं का रं?"

"येतं आत्या. माईक हाय."

"मंग मी वरडले, ‘थांब, लागलं मना’, तवा तो का नाय थांबला?"

मी म्हणालो, तो थांबला होता, पण सांगाड्याला थांबायला थोडा वेळ लागतो. आत्याने भाकरीचा तुकडा मोडला. "म्हंजे उद्या खराखुरा आमच्यावर आला तरी थोडा येल लागंल," ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मी मात्र जात राहिलो. फी, प्रवास, घर, सगळं त्यावर चाललं होतं. पण त्यानंतर गर्दीची चाचणी असली की मला आदल्या रात्री नीट झोप लागत नसे.

चिलखतात जो पोलीस असायचा तो संतोष. बीडकडचा शिपाई, खास निवडून पाठवलेला. मी त्यांना संतोषभाऊ म्हणायचो, ते मला मास्तर म्हणत. कॉलेजात जातो म्हणून. पट्टे आवळताना ते सारखे बोलत. "मास्तर, आज कोणचा धडा?" मी म्हणे, रसायनशास्त्र. "मंग आमच्या बायकोला सांग की, कालवणात मीठ किती पडतं त्ये." टोप चढला की मात्र ते गप्प होत. एकदा त्यांनी स्वतःच सांगितलं, "आत गेलं ना, की बाहीरचे लोक लांब वाटाय लागतेत. टीव्हीतल्यावानी. म्हून तू समोर उभा ऱ्हात जा. तू जवळचा वाटतो." तेव्हापासून चाचणी संपेपर्यंत मी त्यांच्या नजरेसमोर उभा राहत असे.

त्या दिवशी माझा पेपर होता. एप्रिल महिना, परीक्षा मुरुडला, दुपारच्या सत्रात. सकाळी लवकर पाहुण्या साहेबांना चिलखताचं प्रात्यक्षिक दाखवून आटपायचं आणि मी फेरीबोटीने आगरदांड्याला उतरून मुरुड गाठायचं, असं ठरलं होतं. संतोषभाऊंच्या उजव्या मनगटावर काहीतरी चावून पिकलं होतं. मी तिथे गादी दुहेरी केली आणि पट्टीचं टोक मनगटाकडे न ठेवता कोपराकडे वळवून आत खोचलं. नझीमभाईंना ते दाखवलं. मॅडमनाही सांगितलं. पण पाहुणे साहेब उशिरा येणार असा निरोप आला. चिलखत काढून पुन्हा चढवायला वेळ नव्हता. मी घुटमळत राहिलो.

मॅडम म्हणाल्या, "मंगेश, तू पेपरला जा. नझीमभाई आहेत."

नझीमभाईंनी मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही. टोपाच्या आतून संतोषभाऊ म्हणाले, "जा की लेका. मी कुठं पळून चाललो? ह्या लोखंडात पळायचं म्हनलं तरी आधी बॅटरी इचारती."

मी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी बंद केलेला माणूस मागे ठेवून गेलो.

तिसरा प्रश्न लिहीत होतो तेव्हा कॉलेजचा शिपाई वर्गात आला आणि पर्यवेक्षकांच्या कानाशी लागला. सर माझ्या बाकाजवळ येऊन म्हणाले, "तुझ्या कामावरून फोन आहे. कोणीतरी अडकलंय म्हणतात. पण बाहेर गेलास तर परत बसता येणार नाही." मी काय उत्तर दिलं आठवत नाही. उत्तरपत्रिका त्यांच्या हातात दिली एवढं आठवतं. वाक्य अर्धवट होतं.

बाहेर येऊन फोन चालू केला. नझीमभाईंचे कॉल रांगेने पडले होते. लावला.

"मंगेश, तू ये," ते म्हणाले. "उजवं कोपर बसलंय. मोटार जाम. हात छातीशी आला नि तिथंच थांबला."

"पॉवर बंद केली?"

"केली. पाय काढले, छाती काढली, टोप काढला. हाताचं कवच नाय उघडत. पट्टीचं टोक कोपराच्या पत्र्याखाली गेलंय."

"नझीमभाई, पत्रा वर धरा, खालून दोन बोटं घाला…"

"मी नाय हात लावणार. एकदा लावला, तो वरडला. तुझा माणूस आहे. तू ये."

"मग कापा! कटर आहे ना?"

"कटर आणलाय बाबा. संतोषच नको म्हणतो."

एका मित्राने मोटारसायकलवर आगरदांड्याला सोडलं. फेरीबोट खाडीच्या मध्यावर होती, माझ्याकडे येत होती, आणि मला ती उभी असल्यासारखी दिसत होती. लागल्यावर आधी पलीकडच्या गाड्या उतरल्या. मग इकडच्या गाड्या एकेक करून उलट्या चढू लागल्या. पर्यटकांच्या एका मोठ्या गाडीला मागे जाता येत नव्हतं. खलाशी ओरडत होता, "कट मार, कट मार, आता सरळ! सरळ म्हटलं ना!" गाडीतली मुलं हसत होती. मी खलाशाचा हात धरून म्हणालो, माणूस अडकलाय पलीकडे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अडकलाय तर तू काय पोहत जाणार हायस? उभा ऱ्हा. सोडतोच." आणि त्या गाडीला तिथेच ठेवून त्याने खरंच बोट सोडली. त्याचं नाव मी विचारलं नाही.

पाण्यावर असताना फोन लागला. मॅडमनी तो संतोषभाऊंच्या कानाला लावला.

"मास्तर, पेपर टाकून आला काय?"

"संतोषभाऊ, कापू द्या. मी सांगतो ना, कापू द्या."

"त्ये कटर बघितलं का तू? आमच्याकडं ऊस तोडायला असलं वापरत न्हाईत. आन तू लावलंय ना ह्ये? तूच काढ. मला दुसऱ्याचा भरवसा न्हाई." आवाज हसरा होता, पण मधे मधे थांबत होता.

"बोटं हलतायत का?"

"हलत्यात म्हून समज," ते म्हणाले.

मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे. आवळलेल्या हातात रक्त पोचलं नाही तर काय होतं हे पुस्तकात वाचलं होतं. बोटीच्या कठड्याला धरून मी हिशेब करू लागलो, कधी अडकला असेल, कधीपासून बोटं हलत नसतील, आणि प्रत्येक वेळी उत्तर आधीपेक्षा वाईट येत होतं. शेवटी मी हिशेब करणं सोडलं आणि समोरचा धक्का बघत राहिलो.

धक्क्यावर जीप उभी होती. आवारात पोचलो तेव्हा संतोषभाऊ खोट्या किराणा दुकानाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. डोक्यावर ओला टॉवेल. सगळं चिलखत उतरलेलं, फक्त उजवा हात लोखंडात, छातीशी दुमडलेला. मोडलेल्या चिंबोरीची एकच नांगी उरावी तसा. पाहुणे साहेब लांब उभे होते. मॅडमच्या हातात कटर होता आणि त्यांचे डोळे लाल झाले होते. नझीमभाई जमिनीवर, खुर्चीजवळ बसून संतोषभाऊंचा डावा हात धरून होते.

"आले बघा मास्तर," संतोषभाऊ म्हणाले.

मी नझीमभाईंना कोपराचा पत्रा वर उचलून धरायला सांगितलं. खालून दोन बोटं घातली. टोक सापडलं. "श्वास सोडा," म्हणालो आणि ओढलं. कवच उघडलं.

तेवढंच होतं. ते नझीमभाईंनाही जमलं असतं. फोनवर मी सांगितलं तेच मी येऊन केलं. मला वाटतं, हे त्यांना त्याच क्षणी कळलं, कारण पत्रा सोडल्यावर ते उठून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

हात आधी पांढरा होता, मग वेगळाच काही रंग चढू लागला. मी सवयीने म्हणालो, "बोटं हलवा."

त्यांनी हाताकडे पाहिलं, दुसऱ्या कोणाचा असावा तसं. "सांगतोय की त्यान्ला," ते म्हणाले. "ऐकत न्हाईत."

रुग्णवाहिकेने त्यांना माणगावला नेलं आणि तिथून मुंबईला. मला सोबत घेतलं नाही. दोन दिवसांनी मॅडम म्हणाल्या की आतली सूज उतरावी म्हणून डॉक्टरांना हाताची कातडी उभी उघडावी लागली, हात राहील की नाही ते सांगता येत नाही. त्यानंतर मॅडमनाही कोणी काही सांगेना. चौकशी बसली. चाचण्या थांबल्या. चौकशीत मला एकदाच बोलावलं. पट्टीचं टोक नेहमीसारखं मनगटाकडे असतं तरी कोपराच्या जाम झालेल्या पत्र्याने कवच अडवलंच असतं, असं मॅडमनी तिथे सांगितलं. मी ते मान्य केलं. अजूनही मान्य करतो, पण रोज नव्याने करावं लागतं.

पट्टीपेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त खाते. कटर होता, माणसं होती, इंजिनिअर होती. आणि सगळे माझी वाट बघत बसले, कारण आम्हीच त्यांना तसं शिकवलं होतं. मॅडम मागे उभ्या राहिल्या, कारण आम्ही त्यांना मागे उभं केलं होतं. संतोषभाऊंनी नाही म्हटलं, कारण त्यांचा माझ्यावर भरवसा होता. मी तिथे कमी आवडता असतो, तर हात लवकर सुटला असता. मला या गोष्टीचं काय करावं कळत नाही.

त्यांच्या नंबरवर मी संदेश टाकत राहिलो. पोचल्याची खूण येत नव्हती. त्यांच्या तुकडीच्या कार्यालयात फोन केला, तिकडून विचारलं, "आपण कोण?" चढवणारा, असं सांगितलं तर त्यांना ते कळलं नाही. ते कोणत्या गावचे, एवढंही मला नीट माहीत नव्हतं. ज्या माणसाच्या अंगाचं प्रत्येक माप मला पाठ होतं, त्याचं गाव मी कधी विचारलं नव्हतं. रस्त्यात कोणी एका हाताने मोटारसायकल ढकलताना दिसलं तरी मी थांबून त्याचा दुसरा हात बघायचो. नझीमभाई भेटले तर आम्ही मासळीबद्दल बोलायचो, पावसाबद्दल बोलायचो, आणि निघताना ते विचारायचे, "काय कळलं?" मी म्हणायचो, नाही. तेही मान हलवायचे, जणू त्यांनी काही विचारलंच नव्हतं. पुढे आवार बंद झालं. गल्लीचे पत्रे लोकांनी नेले.

यंदा गणपतीनंतर काही कामासाठी माणगावला गेलो होतो. एसटीची वाट बघत होतो तेव्हा अनोळखी नंबरवरून आवाजी संदेश आला. महामार्गावरच्या ट्रकच्या आवाजात नीट ऐकू येईना, म्हणून स्टँडच्या मागच्या भिंतीशी जाऊन कानाला लावला. जसा ऐकला तसा लिहितो.

"मास्तर, संतोष बोलतोय. चौकशी व्हती तवर कुणाशी बोलू नको म्हनले व्हते, मोबाईल बी जमा करून घेतला व्हता. तुझा नंबर आता नझीमभाईकडून घेतला. त्यो बाबा रडाय लागला फोनवर, त्याला जरा बघ. तर ऐक. हात ऱ्हायला. अंगठा आन त्याच्या शेजारची दोन बोटं हालत्यात. बाकीची दोन न्हाई हालत, डॉक्टर म्हनतेत आता न्हाई हालायची. हत्यार धरता येत न्हाई, म्हून कंट्रोल रूमला टाकलंय, वायरलेसवर. बटन दाबायला तीन बोटं लई झाली. भाकर मोडता येती. आन ते तुझ्या पेपराचं काय झालं? त्या दिवशी इचारलं, तर तू सांगितलंच न्हाई बघ. रोज डोक्यात येतंय."